दुर्गम शेतीप्रदेश आणि उपग्रहमार्गे आंतरजाल : व्याप्ती व वहनक्षमता यांचा विचार

दुर्गम प्रदेशातील शेतकऱ्यापर्यंत इंटरनेट, अर्थात आंतरजाल, कसे पोचवावे ह्या प्रश्नाची चर्चा बहुधा 'व्याप्ती' ह्या एकाच कल्पनेभोवती फिरत असते. उपग्रहाच्या टापूत जे जे गाव आले ते ते जोडले गेले, असे ह्या चर्चेत गृहीत धरलेले असते. व्याप्ती ही उपग्रहाची खरीखुरी देणगी आहे, ह्यात शंका नाही. डोंगर, अरण्य, नदी ह्यांचा अडसर त्याला होत नाही. त्याच्यासाठी शेकडो किलोमीटर चर खणावे लागत नाहीत, की डोंगरमाथ्यावर मनोरे उभारावे लागत नाहीत. परंतु व्याप्ती निराळी आणि वहनक्षमता निराळी. पहिली आकाशाकडून जवळजवळ अमर्याद मिळते. दुसरी मोजून मिळते आणि ती वाटून घ्यावी लागते. ह्या दोहोंतील भेद स्पष्ट करणे, आणि तो ध्यानात घेतला असता दुर्गम गावासाठी उपग्रहाची योजना कशी करावी ह्याची दिशा दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी खेड्यात आंतरजाल नसणे ही केवळ एक उणीव होती. आज तिला काही बाबतींत हक्कहानीचे स्वरूप आले आहे. महाराष्ट्रात २०२१ सालापासून 'ई-पीक पाहणी'च्या उपक्रमान्वये शेतकऱ्याने आपल्या शेतातील पिकाची नोंद छायाचित्रासह भ्रमणध्वनीवरून स्वतः करावी, अशी व्यवस्था सुरू झाली. पूर्वी तलाठी बांधावर येऊन जे लिहीत असे, ते लिहिण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे आला ही गोष्ट स्वागतार्हच होय. पण अधिकाराबरोबर ती नोंद शासनाच्या दप्तरापर्यंत पोचविण्याचा भारही त्याच्यावर आला. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या २०१८ सालच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी गारपीट, भूस्खलन ह्यांसारख्या स्थानिक आपत्तींत झालेल्या हानीची वर्दी ७२ तासांच्या आत देण्याचे बंधन घातले. अशी वर्दी बँकेमार्फत वा कृषी अधिकाऱ्यांमार्फतही देता येत असे. परंतु रस्ता आणि संपर्क ही दोन्ही एकाच वेळी बंद पडली, तर ह्यांपैकी कोणताच मार्ग खुला राहत नाही.

हा प्रसंग काल्पनिक नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा बाहेरच्या जगाशी असलेला मार्ग तुटतो, हे दर पावसाळ्यात अनुभवास येते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा ह्या सातपुड्याच्या तालुक्यांत पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. जो नियम शहराजवळच्या बागाईतदाराला तोच ह्या शेतकऱ्यालाही लागू होतो. मात्र नियम पाळण्याचे साधन दोघांच्या हाती सारखे नसते. कायद्याने घातलेली मुदत सर्वांना समान आणि ती पाळण्याची शक्यता मात्र असमान, अशी स्थिती निर्माण झाली, की संपर्काचा प्रश्न सोयीचा न राहता न्यायाचा होतो.

२. साइट प्रयोगाचा धडा

उपग्रह आणि भारतीय शेतकरी ह्यांचा संबंध नवा नाही. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या गतीशी मेळ राखतो व म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्यास आकाशात स्थिर भासतो. संदेशवहनासाठी ह्या कक्षेचा उपयोग कसा करता येईल, हे आर्थर क्लार्क ह्यांनी १९४५ साली एका लेखात दाखवून दिले होते. महाराष्ट्रात ह्या तंत्राचे पहिले ठळक चिन्ह म्हणजे पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत कार्यान्वित झालेले विक्रम भू-केंद्र होय. त्याचे काम मात्र देशाला परदेशाशी जोडण्याचे होते.

खेड्याकडे वळलेला पहिला मोठा प्रयोग म्हणजे 'साइट' ह्या नावाने प्रसिद्ध असलेला उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोग. १९६९ साली झालेल्या करारानुसार अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने आपला एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षासाठी भारताला उपलब्ध करून दिला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या काळात आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान ह्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन व शिक्षण ह्या विषयांचे कार्यक्रम थेट उपग्रहावरून दाखविण्यात आले. ग्रहणासाठी सुमारे तीन मीटर व्यासाची, तारेच्या जाळीची छत्री वापरली होती. संच एखाद्या घरात न ठेवता गावाच्या सामाईक जागी ठेवला होता, आणि त्याच्या दुरुस्तीची स्वतंत्र व्यवस्थाही उभारलेली होती.

ह्या प्रयोगाचे तांत्रिक यश ज्या तत्त्वावर उभे होते ते नीट पाहिले पाहिजे. साइटमध्ये उपग्रह बोलत होता आणि खेडी ऐकत होती. एका कार्यक्रमासाठी उपग्रहाची जेवढी शक्ती खर्च होई, तेवढीच ती २,४०० खेड्यांनी पाहिला तरी लागे आणि २४,००० खेड्यांनी पाहिला तरी लागे. श्रोता वाढला म्हणून उपग्रहावरील भार वाढत नसे. प्रक्षेपणाचा हा स्वभावच आहे : सूर्याचा प्रकाश जसा पाहणाऱ्यांच्या संख्येने कमी होत नाही, तसाच हा संदेशही.

ह्या तत्त्वाची मर्यादाही त्याच प्रयोगाने दाखविली. एका आवाजाने अनेक प्रदेशांशी बोलावयाचे, तर तो आवाज कोणाच्याच शेताविषयी नेमके बोलू शकत नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९७५ सालीच सुरू झालेल्या प्रकल्पाने ह्यावर उपाय शोधला. पिज येथील मर्यादित शक्तीच्या प्रक्षेपकावरून, त्याच जिल्ह्यातील लोकांचे प्रश्न त्यांच्याच भाषेत मांडणारे कार्यक्रम दिले जात. १९८४ साली ह्या प्रकल्पाला ग्रामीण संदेशवहनासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. मोठा आवाज दूरवर जातो आणि जवळचा आवाज उपयोगी पडतो, ही दोन्ही सत्ये भारतीय अनुभवात अशा रीतीने एकाच दशकात प्रकट झाली.

३. संवादाचे गणित

आंतरजाल हे प्रक्षेपण नव्हे. तो संवाद आहे. प्रत्येक जण आपापली निराळी मागणी करतो आणि प्रत्येकाला निराळे उत्तर मिळते. येथे श्रोता वाढला की भार वाढतो. प्रक्षेपणाच्या यशावरून संवादाच्या यशाचे अनुमान काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

हे अंकांनी स्पष्ट होईल. भारताचा जीसॅट-११ हा उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये फ्रेंच गियानातील कुरू येथून सोडण्यात आला. त्याची वहनक्षमता सेकंदास सुमारे १६ गिगाबिट सांगितलेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेलेल्या जीसॅट-एन२ ह्या उपग्रहाची क्षमता सेकंदास सुमारे ४८ गिगाबिट आहे. त्याने देशावर ३२ शलाका टाकल्या असून त्यांतील ८ अरुंद शलाका ईशान्य भारतासाठी आहेत. ह्या उपग्रहाच्या क्षमतेवर विमानांतील सेवेचाही वाटा आहे. परंतु क्षणभर ती सर्व क्षमता खेड्यांनाच दिली असे धरू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ६ लाख ४० हजार खेडी आहेत. सर्वांना समान वाटणी केली, तर दर खेड्यास सेकंदाला ०.०७५ मेगाबिट, म्हणजे ७५ किलोबिट, एवढाच वाटा येईल. एवढ्यात एका माणसाचे दूरध्वनीवरील संभाषण सुखाने होईल. गावाचा व्यवहार चालणार नाही. तोच उपग्रह केवळ ५,००० अतिदुर्गम खेड्यांसाठी राखून ठेवला, तर दर खेड्यास ९.६ मेगाबिट मिळतील. सर्व गावे एकाच क्षणी मागणी करीत नसल्यामुळे प्रत्यक्षात अनुभव ह्याहून बरा येईल. उलट, शलाकांची वाटणी भूप्रदेशाने ठरत असल्यामुळे एका शलाकेतील उरलेली क्षमता दुसरीकडे सहजासहजी वळविता येणार नाही. ह्या दोन्ही दुरुस्त्या केल्या तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही. उपग्रह सर्वांना दिसतो म्हणून तो सर्वांना पुरतो असे नाही; निवड केली तरच तो पुरेल.

ह्या निवडीचा शासकीय स्वीकार अन्यत्र झालेला आहे. ऑस्ट्रेलियाने आपल्या विस्तीर्ण व विरळ वस्तीच्या पशुपालक प्रदेशांसाठी २०१५ व २०१६ साली 'स्काय मस्टर' हे दोन भूस्थिर उपग्रह सोडले. शहरांत तारेने, मध्यम वस्तीत बिनतारी मनोऱ्यांनी आणि उरलेल्या सुमारे ४ लाखांपर्यंतच्या घरांना व आस्थापनांना उपग्रहाने जोडावे, अशी ती विभागणी होती. तेथेही ग्राहकांना वापराचे माप ठरवून द्यावे लागले, गर्दीच्या व निवांत वेळेचे कोटे निराळे करावे लागले, आणि दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र वाटा राखावा लागला. श्रीमंत देशालाही वाटणी टळली नाही, ही त्यातून घेण्याजोगी गोष्ट होय.

४. दूरची कक्षा आणि जवळची कक्षा

गेल्या काही वर्षांत पृथ्वीच्या निकट फिरणाऱ्या उपग्रहांच्या मोठमोठ्या मालिका उभ्या राहिल्या आहेत. स्टारलिंकचे बहुसंख्य उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर, तर वनवेबचे सुमारे १,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. वनवेबच्या मालिकेतील प्रत्येकी ३६ उपग्रहांचे दोन गट भारतीय प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्ये कक्षेत पोचविले.

निकट कक्षेचा मोठा लाभ कालविलंबात दिसतो. विद्युच्चुंबकीय लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन खाली येण्यास त्यांना सुमारे ०.२४ सेकंद लागतो. प्रश्न आणि उत्तर मिळून हा काळ जवळजवळ अर्ध्या सेकंदावर जातो. ५५० किलोमीटर उंचीसाठी वर-खाली जाण्याचा किमान काळ सेकंदाच्या हजारांशी चारहून कमी भरतो. डॉक्टरांशी समोरासमोर बोलावे तसे बोलणे, किंवा अनेक प्रश्नोत्तरांनी पुरा होणारा बँकेचा व्यवहार, ह्यांत हा भेद जाणवतो. हवामानाचा अंदाज उतरवून घेण्यात मात्र तो मुळीच जाणवत नाही.

दुसरा लाभ संदेशाच्या तीव्रतेचा. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात तीव्रता घटते. दोन कक्षांच्या उंचीचे गुणोत्तर सुमारे ६५ असल्यामुळे, इतर सर्व गोष्टी सारख्या धरल्या, तर निकटच्या उपग्रहाचा संदेश जमिनीवर चार हजार पटींहून अधिक तीव्र मिळेल. म्हणूनच लहान आकाराच्या चपट्या ग्राहकावर काम भागते.

परंतु डोंगराळ प्रदेशात भूस्थिर उपग्रहाचाही एक गुण आहे, आणि तो बहुधा दुर्लक्षिला जातो. ७४ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रह अक्राणीहून पाहिला, तर तो दक्षिण आकाशात क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच दिसतो. दरीच्या भिंती बऱ्याच उभ्या असल्या तरी एवढ्या उंचीवरची एक लहानशी फट मोकळी मिळणे कठीण नसते. ती एकदा मिळाली की कायमची मिळाली. निकटचे उपग्रह मात्र सतत सरकत असतात. एक मावळण्याआधी दुसरा हाती यावा लागतो, आणि त्यासाठी ग्राहकाला आकाशाचा पुष्कळ मोठा भाग मोकळा हवा असतो. खोल दरीत, किंवा सागाच्या वनातील पाड्यावर, तो मिळेलच असे नाही. मधूनमधून खंड पडत राहतो. कोणती कक्षा श्रेष्ठ हा प्रश्न म्हणून सरसकट विचारता येत नाही. माथ्यावरच्या गावाचे उत्तर निराळे आणि दरीतल्या गावाचे निराळे.

निकट कक्षेत हजारो उपग्रह असल्यामुळे वहनक्षमतेची अडचण संपली, असाही एक समज आहे. हे उपग्रह सर्व पृथ्वीवर, समुद्रांवरसुद्धा, पसरलेले असतात. एका वेळी एका जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतील थोडेच येतात, आणि एकाच टापूत तीच वारंवारता पुनःपुन्हा वापरण्यावर बंधने असतात. त्यामुळे दर चौरस किलोमीटरला मिळणाऱ्या क्षमतेला येथेही मर्यादा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ५०४ माणसे राहत होती. गडचिरोली जिल्ह्यात ७४. हा एक आकडाच पुष्कळ सांगतो : उपग्रह हे विरळ वस्तीचे साधन आहे. दाट वस्तीच्या सपाट मुलखात प्रकाशतंतूची तार त्याच्यापेक्षा स्वस्त आणि सकस पडते.

५. पाऊस आणि वीज

अधिक वहनक्षमता मिळावी म्हणून नवे उपग्रह अधिकाधिक उच्च वारंवारतेच्या लहरी वापरतात. जीसॅट-एन२ ज्या केए पट्ट्यात काम करतो, त्यातील लहरींची लांबी एक ते दीड सेंटिमीटरच्या आसपास असते. पावसाचा थेंब ह्या लांबीच्या मानाने नगण्य राहत नाही. तो लहरींची ऊर्जा शोषतो व विखुरतो. म्हणून जोराच्या पावसात संदेश क्षीण होतो किंवा काही काळ तुटतो. ह्या ऱ्हासाचा संबंध वर्षाच्या एकूण पावसाशी नसून त्या घटकेच्या जोराशी असतो. दिवसभराची रिमझिम संपर्क तोडीत नाही. अर्ध्या तासाची मुसळधार सर तोडते.

येथे शेतीच्या दृष्टीने एक विसंगती उद्भवते. शेतकऱ्याला माहितीची निकड ज्या काळात सर्वाधिक असते, त्याच काळात हा मार्ग सर्वाधिक डळमळीत असतो. ह्यावर तांत्रिक उपाय आहेत. संदेश क्षीण होऊ लागताच त्याची गती आपोआप उतरवून तो टिकवून धरता येतो. मुख्य भू-केंद्रावर पाऊस असल्यास दुसऱ्या प्रदेशातील भू-केंद्राकडे काम सोपविता येते. परंतु गावावरच मुसळधार कोसळत असताना काही मिनिटांचा खंड अटळ असतो. तो सुसह्य करण्याचा मार्ग आकाशात नसून गावात आहे : जे पाठवावयाचे ते साठून राहिले पाहिजे, आणि वाट मोकळी होताच आपोआप गेले पाहिजे. ज्या व्यवस्थेत शेतकऱ्याने पाठविलेली नोंद खंड पडताच नाहीशी होते, ती व्यवस्था पावसाळी प्रदेशासाठी रचलेलीच नाही असे म्हटले पाहिजे.

विजेचा प्रश्नही असाच. निकटच्या उपग्रहांचा माग ठेवणारे ग्राहकयंत्र साधारणतः ५० ते १०० वॅट वीज घेते. ७५ वॅट धरले, तर अहोरात्र चालविण्यास दिवसाला १.८ युनिट लागतात. दहा तास चालविल्यास पाऊण युनिट पुरते. शहरात हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण ज्या पाड्यावर वीज दिवसचे दिवस नसते, तेथे ती सौर पट्ट्यांतून व विद्युत्घटांतून मिळवावी लागते, आणि ढगाळ महिन्यांत त्यांचे उत्पन्न घटते. यंत्राच्या किंमतीबरोबर ह्या वीजव्यवस्थेची किंमत मांडली नाही, तर अंदाजपत्रक अपुरे राहते आणि पहिल्याच पावसाळ्यात यंत्र बंद पडते.

६. सामाईक आणि व्यक्तिगत

वहनक्षमता मर्यादित, खंड अटळ आणि वीज महाग, अशा स्थितीत विवेकाचा मार्ग कोणता? शेतकऱ्याच्या माहितीच्या गरजांचे पृथक्करण केले म्हणजे तो दिसू लागतो. ह्या गरजा दोन प्रकारच्या आहेत. हवामानाचा अंदाज, कीडरोगाचा इशारा, बाजारभाव, शासकीय योजनेची घोषणा, शाळेचा पाठ ह्या सामाईक गोष्टी आहेत. त्या साऱ्या गावाला, अनेकदा साऱ्या तालुक्याला, सारख्याच लागतात. सातबाऱ्याचा उतारा, पीक पाहणीची नोंद, विम्याची वर्दी, बँकेचा व्यवहार, रोगट पानाचे छायाचित्र दाखवून विचारलेला सल्ला ह्या व्यक्तिगत गोष्टी आहेत. पहिल्या प्रकाराला प्रक्षेपण पुरते. दुसऱ्यालाच संवाद लागतो.

सध्याच्या आंतरजालात हा भेद पाळला जात नाही. पाच मिनिटांचे एक कृषिहवामानविषयक ध्वनिमुद्रण सुमारे १.२ मेगाबाइटचे होते असे धरू. एका जिल्ह्यातील ५०० गावांत, दर गावी ५०० जणांनी ते आपापल्या भ्रमणध्वनीवर वेगवेगळे उतरविले, तर उपग्रहावरून एकूण सुमारे ३०० गिगाबाइट वाहून न्यावे लागतील. तेच एकदा प्रक्षेपित करून गावोगावच्या साठवणयंत्रांत उतरविले आणि गावातल्या गावात बिनतारी जाळ्याने वाटले, तर उपग्रहावरचा भार १.२ मेगाबाइटच राहील. वाचलेली सर्व क्षमता व्यक्तिगत कामांसाठी मोकळी होईल. २००४ साली सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाने अनेक वर्गांना एकाच वेळी पाठ देऊन ह्याच तत्त्वाचा उपयोग केला होता. त्या तत्त्वाला आता गावातील साठवणीची जोड देणे शक्य आहे.

सामाईक साधनाचे सामर्थ्य पुदुच्चेरीच्या अनुभवात दिसून आले. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने १९९८ साली तेथील खेड्यांत ज्ञानकेंद्रे सुरू केली. वीरामपट्टिणम् ह्या कोळ्यांच्या गावी समुद्राच्या लाटांचा अंदाज आंतरजालावरून घेऊन ध्वनिक्षेपकावरून सर्वांना ऐकविला जाई. गावात जोडणी एकच. लाभ मात्र समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला. नल्लवाडु गावी २६ डिसेंबर २००४ रोजी परदेशातून दूरध्वनीने आलेला त्सुनामीचा इशारा ज्ञानकेंद्राच्या ध्वनिक्षेपकावरून दिला गेला आणि गावकऱ्यांना वेळीच सुरक्षित जागी जाता आले. ह्या घटनेत निर्णायक ठरली ती जोडणीची गती नव्हती. संदेश आला असता तो साऱ्या गावाला ऐकविण्याची सवय व साधन आधीपासून होते, ही गोष्ट निर्णायक ठरली. ह्याच प्रतिष्ठानाच्या सहकार्याने भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २००४ साली उपग्रहाने जोडलेली ग्रामसंसाधन केंद्रे सुरू केली. पुढे अशी साडेचारशेहून अधिक केंद्रे उभारण्यात आली.

सामाईक केंद्राची दुसरी बाजू महाराष्ट्रातील वारणेच्या प्रयोगाने दाखविली. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत, वारणा सहकारी समूहाच्या आधाराने, संगणक केंद्रे स्थापन झाली. कृषी, आरोग्य, शिक्षण असे अनेक हेतू मनात होते. पुढील पाहणीत असे आढळले की ह्या केंद्रांचा मुख्य उपयोग ऊसउत्पादक आपला ऊस, खते व हिशेब ह्यांची कारखान्याकडील माहिती घेण्यासाठी करीत होते. २००६-०७ च्या सुमारास त्यांतील सात गावांत हेच काम भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी करून पाहण्यात आले व ते यशस्वी झाले. लघुसंदेशाला लागणारी वहनक्षमता काही शेकडा अक्षरांची असते. ज्या माहितीची खरी गरज होती ती आकाराने इतकी लहान होती, हे त्यावरून कळले. गरज आधी मोजावी आणि मग जोडणीचा आकार ठरवावा, हा वारणेचा धडा दुर्गम भागासाठी अधिकच मोलाचा आहे; कारण तेथे क्षमतेचा अपव्यय परवडत नाही.

७. धोरणाची दिशा

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती तारेने जोडण्याचा जो संकल्प २०११ साली मंजूर झाला व २०१५ पासून 'भारतनेट' ह्या नावाने ओळखला जाऊ लागला, त्यातही जेथे तार नेणे अशक्यप्राय आहे अशा काही हजार पंचायतींसाठी उपग्रहाचीच योजना करण्यात आली. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने उपग्रहसेवेसाठी लहरींचे वाटप लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने करण्याची तरतूद केली. मे २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने लहरींच्या आकाराविषयी शिफारशी करताना निकट कक्षेतील सेवांवर शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये अधिक आकारावेत व ग्रामीण ग्राहकांना ह्यातून वगळावे, असे सुचविले. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव ह्यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागांसाठी स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. उपग्रह विरळ व वंचित प्रदेशाकडे वळवावा हा विचार ह्या सर्वांत दिसतो, आणि वरील विवेचनाशी तो सुसंगत आहे.

तथापि ह्यांतील बहुतेक तरतुदी आकाशापासून ग्राहकयंत्रापर्यंतच्या आहेत. तेथून शेतकऱ्यापर्यंतचे अंतर तसेच राहते. ते कमी करावयाचे तर चार गोष्टींचा विचार योजनेच्या आरंभीच व्हावा लागेल. पहिली, गावनिवडीचा निकष केवळ तार नाही एवढाच न ठेवता वस्तीची विरळता, आकाशाची मोकळीक आणि पावसाळ्यात तुटणारा रस्ता ह्यांवर ठरावा. दुसरी, जोडणीचे एकक प्रथम गाव वा पाडा असावे. शाळा, आरोग्य उपकेंद्र व ग्रामपंचायत ह्यांच्या सामाईक जोडणीबरोबर साठवणयंत्र, गावापुरते बिनतारी जाळे आणि ध्वनिक्षेपक असावा, आणि घरोघरच्या जोडण्या त्यानंतर याव्यात. तिसरी, वीज व दुरुस्ती ह्यांचा खर्च यंत्राच्या किंमतीइतकाच मूळ खर्च मानावा आणि दुरुस्ती जाणणारा माणूस त्याच परिसरातील असावा. चौथी, भाषा. भामरागडच्या माडिया किंवा अक्राणीच्या भिल्ली बोलणाऱ्या शेतकऱ्याला प्रमाण मराठीतील लेखी सूचना पोचली तरी ती कळलीच असे नाही. बोलीतील ध्वनिमुद्रण लेखी मजकुराहून आकाराने मोठे असते हे खरे. परंतु एकदाच प्रक्षेपित करून साठविण्याच्या व्यवस्थेत त्याचा भार नगण्य ठरतो, हे वर दाखविलेच आहे.

संशोधनाच्या दृष्टीने येथे पुष्कळ काम उरते. सातपुड्यातील दऱ्यांत निकटच्या उपग्रहांना किती आकाश मोकळे मिळते ह्याची मोजणी, घाटमाथ्यावरील पावसाच्या जोराचा उच्च वारंवारतेच्या लहरींवर होणारा परिणाम, एका पाड्याच्या माहितीव्यवहारातील सामाईक व व्यक्तिगत भागांचे प्रत्यक्ष प्रमाण, हे विषय विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातील आहेत. त्यांसाठी उपग्रह सोडावा लागत नाही; पावसाळ्याचे चार महिने मोजमाप करण्याची तयारी लागते.

सारांश, उपग्रहाने दुर्गम गावाचे भौगोलिक दूरत्व पुष्कळसे नाहीसे केले आहे. त्याच्या क्षमतेची मर्यादा मात्र कायम आहे. साइट प्रयोगाच्या काळी एका आवाजाने २,४०० खेड्यांना पुरे पडणे शक्य झाले, कारण तेथे प्रश्न ऐकण्याचा होता. आज प्रश्न शेतकऱ्याने बोलण्याचा आहे. त्याची नोंद, त्याची वर्दी, त्याची शंका मुदतीच्या आत योग्य ठिकाणी पोचण्याचा आहे. जे सर्वांना सारखे सांगावयाचे ते एकदाच सांगून ठेवले, तर त्याच्या बोलण्याला वाट मोकळी राहील. ही वाटणी तंत्रज्ञाच्या कोष्टकात आधी मांडली जावी, म्हणजे पर्लकोटेला पूर आलेल्या आठवड्यातही बहात्तर तासांची मुदत पाळणे भामरागडच्या शेतकऱ्याच्या आवाक्यात येईल.